‘तो असा नव्हताच!’ : कादंबरीतलं पात्र आणि पडद्यावरचा नट

आजचा विषय वरवर हलकाफुलका वाटेल. आवडत्या कादंबरीवर चित्रपट येणार असं जाहीर होतं, नटांची नावं कळतात आणि वाचकांमधून पहिला उद्गार निघतो : ‘छे, तो असा नव्हताच!’ पुष्कळ समीक्षक हा उद्गार चाहत्यांचा हट्ट म्हणून सोडून देतात. मला ते योग्य वाटत नाही. ‘तो असा नव्हता’ हे एक विधान आहे. आणि विधान म्हटलं की ते कशाच्या आधारावर केलंय, हे विचारता येतं. आज आपण तेवढंच विचारणार आहोत.

सुरुवात रोमान इनगार्डन या पोलिश तत्त्वज्ञापासून करू. साहित्यकृतीवरचा त्यांचा मोठा ग्रंथ १९३१ साली आला. त्यातला एक मुद्दा आपल्या फार कामाचा आहे. साहित्यकृतीत अनिश्चित जागा असतात. लेखिका लिहिते, ‘तिनं दार उघडलं.’ दार कुठल्या रंगाचं, कडी वर की खाली, ते ती सांगत नाही. सगळं सांगणं शक्यही नाही. त्या जागा वाचक भरतो. गंमत अशी, की यातलं किती लेखिकेनं दिलं आणि किती आपण घातलं, हा हिशेब वाचकाजवळ राहत नाही. पात्राचा चेहराही असाच तयार होतो. कॅमेऱ्याला मात्र ही सवलत नाही. त्याला एक नाक, एक आवाज, एक उंची दाखवावीच लागते. त्यामुळे भांडण होणार हे ठरलेलंच. प्रश्न एवढाच, की कुठलं भांडण रास्त आणि कुठलं नाही.

एक रास्त भांडण घेऊ. ली चाइल्ड यांचा जॅक रीचर १९९७ पासून वाचकांना माहीत आहे. उंची सहा फूट पाच इंच, वजन अडीचशे पौंडांच्या आसपास. २०१२ च्या चित्रपटात ती भूमिका टॉम क्रूझ यांनी केली आणि वाचक चिडले. इथं वाचकांनी मनानं काही घातलं नव्हतं, मजकुरात स्पष्ट लिहिलेलं होतं. पण तेवढ्यानं तक्रार सिद्ध होत नाही. आकडा मजकुरात असणं वेगळं आणि त्या आकड्यावर कथा उभी असणं वेगळं. रीचरच्या गोष्टीत ती उभी आहे. तो आत आला की समोरची माणसं त्याच्या देहाकडे बघून अंदाज बांधतात, घाबरतात, चुकतात. प्रसंग तिथून पुढे सरकतो. स्वतः चाइल्ड यांनी आधी क्रूझ यांची पाठराखण केली, पण पुढे २०१८ मध्ये वाचकांचं म्हणणं बरोबर होतं असं मान्य केलं. २०२२ पासूनच्या मालिकेत मग ॲलन रिचसन यांच्यासारखा धिप्पाड नट आला.

आता याच्या उलट उदाहरण बघा. ‘गॉन विथ द विंड’ ही मार्गारेट मिचेल यांची कादंबरी, १९३६ सालची. तिचं पहिलंच वाक्य सांगतं की स्कार्लेट सुंदर नव्हती. १९३९ च्या चित्रपटात स्कार्लेट झाल्या व्हिव्हियन ली, म्हणजे त्या काळातल्या अत्यंत देखण्या अभिनेत्रींपैकी एक. त्या वेळी आक्षेप कशावर होता? त्या इंग्रज आहेत, अमेरिकेच्या दक्षिणेतल्या नाहीत, यावर. मजकुराशी इतका उघड विरोध असूनही त्यांचं देखणेपण आज फारसं कुणाला खटकत नाही. कारण तेच वाक्य पुढे असंही सांगतं, की तिच्या मोहात पडलेल्या पुरुषांना हे कळत नसे. कथेचा भार तिच्या नाकीडोळी नाही, तिच्या ओढीवर आणि जिद्दीवर आहे. ते लींनी पेललं.

तेव्हा कसोटी अशी : कथेचा भार त्या गुणावर आहे का? आपल्याकडे शंकुकानं नवव्या शतकात याच प्रश्नाच्या जवळचं काही सांगून ठेवलंय. अभिनवगुप्तामुळे ते आपल्यापर्यंत आलं. रंगभूमीवरच्या नटाला प्रेक्षक राम म्हणून कसं बघतो? हा खराच राम आहे असं नाही, हा राम नाही असंही नाही, आहे की नाही असा संशयही नाही आणि रामासारखा कुणीतरी आहे असंही नाही. चित्रातल्या घोड्याला आपण ‘घोडा’ म्हणतो, तसं ते बघणं असतं. याला चित्रतुरगन्याय म्हणतात. मी यात माझी एक पुस्ती जोडतो. चित्रातल्या घोड्याचा रंग बदलला तरी चालतं. मान आणि पाय असे काढावे लागतात की तो घोडाच वाटेल. प्रत्येक पात्राची अशी मान नि पाय कुठले, हे कादंबरीच सांगते. आपल्या बालगंधर्वांना सिंधू म्हणून स्वीकारणारा प्रेक्षक हे न शिकवता जाणत होता.

आता मी मुख्य मुद्द्याकडे येतो. सुझान कॉलिन्स यांची ‘द हंगर गेम्स’ २००८ मध्ये आली, चित्रपट २०१२ मध्ये. त्यात रू नावाची बारा वर्षांची मुलगी आहे. तिच्या मरणाचा प्रसंग वाचून असंख्य वाचक रडले. चित्रपटात ती भूमिका कृष्णवर्णीय बालकलाकार अमांडला स्टेनबर्ग यांना मिळाली. त्यावर काही वाचकांनी उघडपणे लिहिलं, की रू काळी आहे हे कळल्यावर तिच्या मरणाचं दुःख कमी झालं. आणि मजकूर काय सांगतो? तिची त्वचा गडद तपकिरी आहे असं कादंबरीत स्वच्छ लिहिलंय!

मग हे घडलं कसं? निवेदिका कॅटनिस म्हणते, की रूला बघून तिला आपली बहीण प्रिम आठवते. अंगकाठी आणि वागणं तसंच. प्रिम गोरी, सोनेरी केसांची. वाचकानं साम्य धरलं आणि रंगाचं वाक्य ओलांडून पुढे गेला. म्हणजे इथं त्यानं रिकामी जागा भरली नव्हती, भरलेली जागा पुसली होती.

वाचताना नजरचूक होते, कुणाचीही होते. पण ‘दुःख कमी झालं’ हे वाक्य नजरचुकीचं नाही. अभिनवगुप्तानं रसाचे सात विघ्न सांगितलेत. त्यातलं एक असं, की प्रेक्षक ‘हे माझं’, ‘हे परक्याचं’ अशा देशकालाच्या खुंट्यांना अडकून राहतो. मग शोकाचं साधारणीकरण होत नाही, करुण रस उभाच राहत नाही. त्या वाचकांचं नेमकं हेच झालं. पुस्तक वाचताना त्यांना वाटलं, आपण एका मुलीसाठी रडतोय. चित्रपटानं दाखवून दिलं, की त्या रडण्याला एक न सांगितलेली अट होती. भूमिकेची निवड कधी कधी वाचकाचीच परीक्षा घेते, ती अशी.

शेवटचं उदाहरण ‘वदरिंग हाइट्स’चं. एमिली ब्राँटे यांची ही कादंबरी १८४७ ची. हीथक्लिफ काळसर, जिप्सीसारखा. कुणी त्याला लस्कर, म्हणजे त्या काळच्या बोलीत हिंदी खलाशी, म्हणून हिणवतं. १९३९ मध्ये लॉरेन्स ऑलिव्हिए हीथक्लिफ झाले, २०११ मध्ये अँड्रिया अर्नल्ड यांनी कृष्णवर्णीय जेम्स हॉसन यांना घेतलं आणि २०२४ मध्ये जेकब एलॉर्डी यांचं नाव जाहीर झाल्यावर पुन्हा वाद झाला. इथं वाचकांची बाजू मला बळकट वाटते. त्याचं मूळ कुठलं हे ब्राँटेंनी मुद्दाम अनिश्चित ठेवलंय, त्यामुळे ‘तो अमुकच वंशाचा’ म्हणणारे मजकुरापेक्षा जास्त बोलतात. पण तो परका दिसतो म्हणून त्याचा अपमान होतो आणि त्या अपमानातून सूड उगवतो, हे अनिश्चित नाही. हा घोड्याचा पाय आहे. तो पुसायचा तर दिग्दर्शकानं त्या सूडाला दुसरा आधार द्यायला हवा.

तेव्हा ‘तो असा नव्हता’ म्हणण्याआधी पुस्तक पुन्हा उघडावं. ते वाक्य तिथं आहे का, आणि कथा त्यावर उभी आहे का, हे दोन प्रश्न विचारावेत. दोन्हींची उत्तरं होकारार्थी आली तर खुशाल तक्रार करावी, पण निवड करणाऱ्याकडे. नट हा जिवंत माणूस असतो आणि रूच्या बाबतीत तर तो शाळकरी वयाचा होता. आपण वाचताना चुकलो याची शिक्षा त्या मुलाला देण्याचा अधिकार कुठल्याही वाचकाला नाही.

इथं थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.