राष्ट्र, ‘जाति’ आणि शाळा

थायलंड हा बौद्ध देश, म्हणून आपल्या समाजाला त्याविषयी आत्मीयता वाटते. परिणामी तेथील शिक्षणाची चिकित्सा आपल्याकडे फारशी होत नाही. सकाळी आठच्या सुमारास तेथील शाळांत राष्ट्रगीतासह ध्वज चढतो आणि राष्ट्र, धर्म व राजा ही त्रयी मुलांच्या मनावर बिंबविली जाते. सहाव्या रामाच्या (१९१०-१९२५) कारकिर्दीत ती दृढ झाली. मे २०१४ च्या लष्करी उठावानंतर प्रयुत चान-ओचा यांनी शाळांसाठी घालून दिलेल्या बारा मूल्यांत पहिले मूल्य हेच होते. २०२० साली अनेक शाळांतील विद्यार्थ्यांनी राष्ट्रगीताच्या वेळी तीन बोटे उंचावून निषेध नोंदविला.

या त्रयीतील शब्द पाहण्यासारखे आहेत. राष्ट्रासाठी ‘चात’, म्हणजे आपला ‘जाति’. राजासाठी ‘महाकसत’, म्हणजे ‘महाक्षत्रिय’. शब्दाच्या व्युत्पत्तीवरून धोरण ठरत नाही, हे मान्य. तरीही ज्या तथागतांनी वासेट्ठ सुत्तात मनुष्यामनुष्यांत जन्माने भेद नसल्याचे प्रतिपादन केले, त्यांच्या अनुयायांच्या देशात राष्ट्राचे नाव जन्मवाचक असावे, आणि पट्टाणीच्या मलय मुस्लिम मुलांना ते उपरे वाटावे, ही बाब दुर्लक्षिण्याजोगी नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत याच शब्दाची उलटी बाजू मांडली: जाती राष्ट्रविरोधी आहेत. महाराष्ट्रातील शाळांत २६ जानेवारी २०२० पासून उद्देशिकेचे वाचन सक्तीचे झाले, याचे स्वागतच केले पाहिजे. थाई त्रयीहून ते सर्वथा भिन्न आहे, कारण त्यात राजा नाही, व्यक्तीची प्रतिष्ठा आहे. मात्र पद्धत तीच: रांग, सूर, पाठांतर.

विठ्ठलवाडीच्या परिसराचेच पाहा. शेजारचे उल्हासनगर १९४९ साली सिंधी निर्वासितांसाठी वसले. तेथे मराठी, सिंधी, हिंदी बोलणारी मुले शेजारी राहतात आणि पुष्कळदा वेगवेगळ्या माध्यमांच्या शाळांत जातात. ‘बंधुता’ हा शब्द सर्वच शाळांत उच्चारला जातो. शाळेच्या दाखल्यावर मात्र जात, पोटजात लिहिलेली असते. ती नोंद सवलतींचा आधार आहे, ती काढा असे येथे म्हणावयाचे नाही. ती का लिहावी लागते, हे उद्देशिका वाचून घेणाऱ्या शिक्षकाने सांगावयाचे असते, आणि तेच टाळले जाते. २५ नोव्हेंबरचे ते भाषण नववी-दहावीच्या वर्गात उद्देशिकेबरोबर वाचून घेण्यास कोणत्याही परिपत्रकाची आवश्यकता नाही.