एका पत्त्याआड अख्खा देश

संकेतस्थळावर कोणी उपद्रव करू लागले की चालकांना पहिला सल्ला मिळतो तो असा : त्याचा आयपी पत्ता बंद करा. सल्ला सोपा आहे, म्हणूनच तो जरा तपासून पाहू.

३१ डिसेंबर २००६ या दिवशी इंग्रजी विकिपीडियावर मजकुराची नासधूस होत असलेला एक पत्ता संपादनासाठी बंद करण्यात आला. तेथील व्यवस्थापकांचे हे रोजचेच काम. पण हा पत्ता कतारचा होता. त्या देशातील जवळजवळ सारी इंटरनेट-वाहतूक तेव्हा एकाच कंपनीमार्फत, त्या एकाच पत्त्याआडून बाहेर पडत असे. खोडी काढली कोणा एका-दोघांनी आणि लेखणी गेली सगळ्यांची! वाचता येत होते, संपादन मात्र करता येत नव्हते. चूक लक्षात आल्यावर काही तासांतच बंदी उठली.

चूक झाली कशी? आपल्याकडे पूर्वी चाळीत एखाद्याच घरी फोन असे आणि बाकीची बिऱ्हाडे तोच नंबर 'पी. पी.' लिहून देत. त्या नंबरावरून कोणी शिवीगाळ केली, तर शिव्या देणारा कोण हे नंबर कसा सांगणार?

आयपी पत्त्याचेही तेच आहे. त्यात ० ते २५५ यांपैकी चार संख्या असतात. म्हणजे २५६ चा चौथा घात, सुमारे ४२९ कोटी पत्ते. जगाच्या लोकसंख्येला ते पुरत नाहीत. जागतिक कोठारातील शिल्लक पत्ते फेब्रुवारी २०११ मध्ये संपले. त्यामुळे मोबाईल कंपन्या अनेक ग्राहकांना एकाच पत्त्याआड बसवतात. शिवाय घरचा पत्ता पुष्कळदा बदलता असतो. उपद्रवी माणूस मोडेम बंद करून पुन्हा चालू करतो, नव्या पत्त्यावर हजर होतो, आणि त्याचा जुना, बंदी असलेला पत्ता दुसऱ्याच कोणाच्या वाट्याला येतो.

वर्गात हे दाखवता येते. एकाच वाय-फायला जोडलेल्या दोन मोबाईलांवर 'माझा आयपी पत्ता' शोधावा. चार संख्यांचा पत्ता दिसला, तर तो बहुधा दोन्हींवर सारखाच असेल. शाळेच्या संगणक-खोलीचेही तसेच. एका मुलाच्या वात्रटपणापायी सारी शाळा बाहेर राहू शकते.

आमचा आक्षेप बंदीला नाही. एखादे यंत्र सेकंदाला शेकडो मागण्या पाठवत असेल, तर त्याचा पत्ता तासाभरासाठी अडवणे योग्यच. आक्षेप आहे तो मुदतीला. महिनोन्‌महिने चालणारी बंदी ज्याने खोडी केली त्याला क्वचितच लागते. नोंदणी केलेल्या सदस्यांना सूट देऊन त्या पत्त्यावरच्या फक्त अनामिकांना अडवण्याची सोय विकिपीडियात आहे. ती अर्थातच अधिक बरी. पण शाळेतल्या ज्या मुलाने अजून खाते उघडलेले नाही, त्याला ती उपयोगी पडत नाही.