लोकप्रियतेची मोजदाद आणि मराठी गीत

हिंदी चित्रपटगीतांच्या लोकप्रियतेची चर्चा करताना अभ्यासक ‘बिनाका गीतमाला’च्या वार्षिक याद्यांचा आधार निःशंकपणे घेतात. बा. वि. केसकर केंद्रीय नभोवाणी मंत्री असताना आकाशवाणीने चित्रपटगीतांकडे पाठ फिरविली आणि १९५२ मध्ये रेडिओ सिलोनवर सुरू झालेल्या या कार्यक्रमाला श्रोते आयतेच लाभले. १९५३ च्या यादीत ‘अनारकली’मधील गीत अग्रस्थानी होते. अमीन सयानी यांच्या निवेदनामुळे ही क्रमवारी म्हणजे जणू जनतेचा कौल, अशी श्रद्धा रुजली. तथापि हा कौल श्रोत्यांची पत्रे, ध्वनिमुद्रिकांची विक्री आणि श्रोता संघांची पसंती यांवर बेतलेला होता. ज्याचे पत्र पोहोचले अथवा ज्याने ध्वनिमुद्रिका विकत घेतली, त्याचीच आवड मोजली गेली.

मराठीत या तोडीची यादी झाली नाही. तिची जागा समीक्षकांच्या अभिरुचीने घेतली. पुणे आकाशवाणीवरून १९५५-५६ मध्ये प्रसारित झालेल्या ‘गीतरामायणा’तील ५६ गीतांची थोरवी वादातीत आहे, परंतु भावगीतालाच मराठी लोकप्रिय गीत समजण्याची जी प्रथा पडली, ती मात्र तपासून पाहावी लागेल. प्रल्हाद शिंदे यांची विठ्ठलगीते आणि भीमगीते असंख्यांच्या ओठी असूनही सुगम संगीताच्या चर्चेत त्यांचा उल्लेख अपवादानेच येतो.

बीड जिल्ह्याच्या संदर्भात ही उणीव अधिक जाणवते. येथील ऊसतोड मजूर कोयता घेऊन दरवर्षी काही महिने पश्चिम महाराष्ट्रातील व कर्नाटकातील कारखान्यांकडे जातात. मुकादमाकडून उचल घेऊन पालावर राहणारा हा श्रोता कोणत्या श्रोता संघाचा सभासद असणार? कॅसेटने हे समीकरण बदलले. पीटर मॅन्युएल यांनी ‘कॅसेट कल्चर’ (१९९३) या ग्रंथात उत्तर भारताच्या संदर्भात दाखविल्याप्रमाणे, स्वस्त कॅसेटमुळे ध्वनिमुद्रणावरील मोजक्या कंपन्यांची पकड सैल झाली आणि प्रादेशिक गीतांना बाजारपेठ मिळाली. आनंद शिंदे यांचे पोपटाचे गीत १९८० च्या दशकात गाजले ते याच माध्यमातून. मात्र नकली कॅसेटचा व्यापार एवढा बोकाळला होता की, विक्रीचे आकडेही पुरते विश्वसनीय मानता येत नाहीत.

अर्थात, जे खपले ते सरस, असे मानण्याचे कारण नाही. या गीतांतील द्व्यर्थी शब्दयोजना आणि स्त्रीकडे पाहण्याची दृष्टी यांची कठोर चिकित्सा व्हावयास हवी. भावगीतातील स्त्रीप्रतिमेचीही तितकीच. प्रत्यक्षात पहिल्याची संभावना ‘उडते गाणे’ म्हणून होते आणि दुसऱ्याचे रसग्रहण होते. चिकित्सा दोहोंच्याही वाट्याला येत नाही. जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या मराठी विभागांना कॅसेट विक्रेते, बँडवाले आणि टोळ्यांचे मुकादम यांच्या आठवणी अद्याप नोंदविता येतील. त्या पिढीतील बरेचजण आज वार्धक्याकडे झुकले आहेत.