आघात आणि नादवर्ण : एन्व्हेलप फिल्टरचा एक चिकित्सक विचार

इलेक्ट्रिक गिटारला जोडल्या जाणाऱ्या उपकरणांकडे महाविद्यालयीन सांस्कृतिक वर्तुळात अद्यापही संशयाने पाहिले जाते. एका आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत एन्व्हेलप फिल्टरचे पेडल वापरणाऱ्या विद्यार्थ्याविषयी ‘हे यंत्र वाजते आहे, मुलगा नव्हे’ असा अभिप्राय प्रस्तुत लेखकाच्या कानी आला. त्याची सत्यता तपासणे हा या लेखाचा हेतू होय.

फिल्टर म्हणजे ध्वनीतील काही कंप्रतांना वाट देणारी व इतरांना अडविणारी चाळणी. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात आलेल्या वाह-वाह पेडलमध्ये ही चाळणी पायाने हलवावी लागे. माइक बीगल यांनी १९७२ च्या सुमारास रचलेल्या म्यू-ट्रॉन ३ मध्ये हे काम आघाताच्या जोराकडे आले. तार जोराने छेडली की चाळणी अधिक उघडते आणि ध्वनी विरू लागला की मिटते. स्वर मात्र तोच राहतो. त्यातील कोणते उपस्वर उठून यावेत, एवढेच बदलते. स्टीव्ही वंडर यांच्या ‘हायर ग्राउंड’ (१९७३) मधील क्लॅव्हिनेट अथवा जेरी गार्सिया यांचे त्या दशकातील गिटारवादन ऐकल्यास हा जणू बोलणारा नाद ध्यानात येतो.

आपल्याकडे या अनुभवाचे सर्वांत जवळचे नाते मिरजेच्या तंबोऱ्याशी आहे. जवारी लावलेल्या घोडीवर धाग्याची जागा जुळली की एकाच छेडण्यातून उपस्वर क्रमाक्रमाने उमलत जातात. चं. वें. रामन यांनी १९२१ मध्येच तंबोरा व वीणा यांच्या घोडीमुळे लाभणाऱ्या या उपस्वरसमृद्धीकडे लक्ष वेधले होते. जवारीला मात्र कोणी यांत्रिक क्लृप्ती म्हणत नाही! भेद आहे तो अन्यत्र. तंबोरा छेडणारा हात मुद्दाम समान ठेवावा लागतो. एन्व्हेलप फिल्टरपुढे समान हात म्हणजे एकसुरी ‘क्वॅक-क्वॅक’. यंत्र वादकाचा हात झाकत नाही, उलट तो उघडा पाडते.

उपकरणाच्या मर्यादाही नाकारता येत नाहीत. फिल्टरच्या आधी कॉम्प्रेसर वा तीव्र डिस्टॉर्शन जोडल्यास आघातांतील चढउतार सपाट होतो व चाळणीस अनुसरण्याजोगे काही उरत नाही. विलंबित, मींडप्रधान वादनाला तर हे पेडल बहुधा मारकच ठरते, कारण प्रत्येक नवा आघात नादवर्णाची तीच कमान पुन्हा उभी करतो. कल्याण–माळशेज रस्त्यावरील टोकावडे परिसरात वरातीत वाजणारा विजेवरील बेंजो येथे विचारात घेण्याजोगा आहे. त्याचे आघात इतके जलद असतात की मिटण्याचा वेळ दीर्घ ठेवल्यास चाळणी दोन आघातांमध्ये मिटतच नाही, आणि परिणाम नाहीसा होतो. तेथे हा वेळ अत्यल्प ठेवावा लागेल. तेही पुरेल की नाही, हे प्रत्यक्ष वाजवूनच ठरवावे.

परीक्षकांस साधी कसोटी लावता येईल. पेडलची कळ न हलवता तोच स्वरसमूह विद्यार्थ्यास प्रथम हळुवार, मग जोरकस आणि अखेरीस मधल्याच एका स्वरावर भार देऊन वाजविण्यास सांगावा. तिन्ही वेळा नादवर्ण सारखाच राहिला, तर गुण अवश्य कापावेत.