मवाबी रूथ आणि कोकणचे बेने इस्राएल

रूथचे पुस्तक आपण बहुधा सासू-सुनेच्या प्रेमाची कथा म्हणून वाचतो. हे वाचन चुकीचे नाही, परंतु अपुरे आहे. अवघ्या चार अध्यायांच्या या कथेचा गाभा आमच्या मते एका प्रश्नात आहे : वाडवडिलांच्या भूमीत येणाऱ्याला ‘आपला’ म्हणावे ते कशाच्या आधारे?

दुष्काळात बेथलेहेम सोडलेली नामी मवाबात पती व दोन्ही पुत्र गमावून परतते. तिचा वंश निर्विवाद. तरीही तिला ओळखताना गावच्या स्त्रिया अडखळतात. सोबतच्या रूथचा तर वंशच परका. अनुवादाच्या पुस्तकाने मवाब्यांना मंडळीत मज्जाव केलेला आहे. कथाकार ‘मवाबी’ हे विशेषण पुनःपुन्हा योजतो, अगदी बवाजाशी विवाह ठरतानाही. हे पाल्हाळ नव्हे. शेवटच्या ओळींत उलगडते की, हीच परकी स्त्री दावीद राजाची पणजी होय.

या कथेशेजारी आम्हांला कोकणातील बेने इस्राएलांची हकिकत ठेवाविशी वाटते. १९५०च्या परतीच्या कायद्याने त्यांना इस्राएलचे दार उघडले. पुढे १९६२मध्ये तेथील प्रमुख रब्बींनी आदेश काढला की, इतर यहुद्यांशी त्यांचा विवाह लावण्यापूर्वी आई-आजीकडील वंशाची चौकशी व्हावी. राष्ट्रीयत्व हाती आले, पण ज्या वंशाच्या बळावर ते आले तोच संशयित ठरला! त्यांनी निदर्शने केली. १९६४मध्ये तेथील संसदेने त्यांना सर्वार्थाने यहुदी मानले, आणि तो आदेश मागे पडला.

रूथच्या कथेत एक उणीव मात्र आम्हांला जाणवते. चौथ्या अध्यायात रूथ एक शब्दही बोलत नाही. बाळ नामीच्या उराशी जाते, शेजारणी तो नामीचाच पुत्र म्हणतात. रूथला मवाब आठवला का, हे कथाकार सांगत नाही. बेने इस्राएल असे मुके राहिले नाहीत. पेणकर, नागावकर ही गावांची आडनावे त्यांनी सोबत नेली. इस्राएलमध्ये ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिक काढले. पूर्वजांची भूमी एक आणि आजीची भाषा दुसरी, यात त्यांना विसंगती वाटली नाही.

आमच्या धर्मग्रामांतही नवागताला प्रथम ‘तुम्ही मूळचे कुठले?’ असेच विचारले जाते. रूथचे पुस्तक तो प्रश्न विचारू देते. परंतु उत्तर ऐकून दार लावू देत नाही.