समतोलाचे सौंदर्य आणि प्रमाणाचे सत्य : नॅरोबँड खगोलछायाचित्रातील रंगयोजनेची समीक्षा

प्रस्तावना

अवकाशाची रंगीत छायाचित्रे आज पाठ्यपुस्तकांतून, दिनदर्शिकांतून आणि वर्गातील पडद्यावर सर्वत्र दिसतात. त्यांचे शास्त्रीय विवेचन होते. परंतु दृश्यकृती म्हणून त्यांची समीक्षा फारशी होत नाही. प्रस्तुत लेखात अशा छायाचित्रांतील रंगांची जुळणी व समतोल यांचा विचार बा. सी. मर्ढेकर यांच्या सौंदर्यविचाराच्या आधारे केला आहे. उदाहरणादाखल हबल दुर्बिणीने 1 एप्रिल 1995 रोजी टिपलेले, गरुड तेजोमेघातील ‘निर्मितीचे स्तंभ’ हे छायाचित्र घेतले आहे. जेफ हेस्टर व पॉल स्कोवेन हे त्याचे कर्ते होत.

महाड-पोलादपूर परिसरातील अध्यापकास या उदाहरणाचे विशेष महत्त्व आहे. हा तेजोमेघ मध्यरात्री सर्वाधिक उंचीवर येतो तो जूनच्या अखेरीस, आणि तेव्हा सावित्रीच्या खोऱ्यावर पावसाळी ढग असतात. उन्हाळ्यात पहाटे लहान दुर्बिणीतून तो पाहिला, तरी फिकट व जवळजवळ रंगहीन दिसतो. त्यामुळे विद्यार्थ्यास हे रंग भेटतात ते केवळ छायाचित्रात. डोळ्याने पडताळा घेण्याची सोय नाही.

रंगयोजनेचे स्वरूप

नॅरोबँड पद्धतीत तरंगलांबीचा अगदी अरुंद पट्टा सोडणारे फिल्टर वापरून स्वतंत्र कृष्णधवल प्रतिमा घेतल्या जातात. आयनीभूत गंधकाचा प्रकाश सुमारे 672, हायड्रोजनचा 656 आणि दोनदा आयनीभूत झालेल्या ऑक्सिजनचा 501 नॅनोमीटरचा असतो. हबलच्या योजनेत त्यांना अनुक्रमे लाल, हिरवा व निळा रंग दिला जातो. गंधक व हायड्रोजन या दोहोंचा प्रकाश डोळ्यास लालच दिसतो. नैसर्गिक रंगांचा आग्रह धरला, तर त्यांतील भेद लोपेल. शिवाय या योजनेत तरंगलांबीचा मूळ क्रम कायम राहतो. म्हणून या रंगांना ‘खोटे’ म्हणणे अन्यायाचे ठरते. ते सांकेतिक आहेत, इतकेच.

समतोलाचा प्रश्न

खरा प्रश्न पुढे उद्भवतो. बहुतेक तेजोमेघांत हायड्रोजनचा प्रकाश इतरांहून प्रबळ असतो. तिन्ही प्रतिमा आहेत तशा एकत्र केल्यास चित्र हिरवेगार होते. म्हणून सर्वसाधारणपणे गंधक व ऑक्सिजन यांच्या मंद प्रतिमा स्वतंत्रपणे उजळ केल्या जातात. पुष्कळदा हिरवा रंग दाबून त्यास सोनेरी छटाही दिली जाते.

मर्ढेकरांनी ‘सौंदर्य आणि साहित्य’ (1955) या ग्रंथात संवाद, विरोध व समतोल ही लयतत्त्वे मांडली. त्या कसोटीवर हे छायाचित्र उतरते. तीन स्तंभांच्या आकारांत संवाद आहे, काळसर धूळ व उजळ पार्श्वभूमी यांत विरोध आहे, आणि रंगांत समतोल आहे. मात्र चित्रकाराच्या पटावर समतोल हा केवळ गुण असतो. येथे त्याची किंमत मोजावी लागते. भजनाच्या ध्वनिमुद्रणात टाळांचा मंद नाद वाढवून गायकाच्या आवाजाच्या बरोबरीस आणला, तर टाळ केव्हा वाजले हे कळते. ते मुळात किती मोठ्याने वाजले हे कळत नाही. त्याचप्रमाणे समतोल साधलेल्या छायाचित्रातील रंग स्थान सांगतो, प्रमाण सांगत नाही.

स्थानाची ही माहितीही मोलाची आहे. हायड्रोजन आयनीभूत होण्यास 13.6 इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा लागते. ऑक्सिजनचा दुसरा इलेक्ट्रॉन निघण्यास सुमारे 35, तर गंधकाचा पहिला निघण्यास सुमारे 10.4 पुरते. म्हणून निळा रंग तप्त ताऱ्यांच्या प्रखर प्रारणाचा प्रदेश दाखवितो, तर गंधकाचा लाल रंग आयनीभवनाच्या सीमेकडे बोट दाखवितो. परंतु ‘निळा भाग मोठा, म्हणून तेथे ऑक्सिजन अधिक’ असे अनुमान वर्गात काढले गेले, तर ते सर्वस्वी चुकीचे ठरेल. मूळ प्रकाशाची तीव्रता हेसुद्धा वायूचे थेट माप नव्हे. तापमान व घनता यांचाही तीवर परिणाम होतो.

निष्कर्ष

मर्ढेकरांची कसोटी या छायाचित्राचे सौंदर्य उलगडते, परंतु त्याची सत्यता ठरविण्यास ती अपुरी पडते. कारण ही कृती कलाकृतीबरोबरच पुरावाही आहे. अशा छायाचित्राखाली कोणते फिल्टर वापरले, कोणत्या प्रतिमेस कोणता रंग दिला आणि कोणती किती उजळ केली, या तीन गोष्टींची नोंद असणे आवश्यक होय. हबलच्या मूळ प्रतिमा अभ्यासकांसाठी विनामूल्य उपलब्ध आहेत. त्या घेऊन एकाच तेजोमेघाची दोन-तीन निरनिराळ्या समतोलांची चित्रे विद्यार्थ्यांकडून करवून घेतल्यास, रंग हा निसर्गाने दिलेला किती व माणसाने निवडलेला किती, हे त्यांना स्वतःच उमगेल. विज्ञान आणि कला या दोन्ही शाखांच्या अध्यापकांनी हा पाठ एकत्र घ्यावा, असे सुचवावेसे वाटते.