बैल जुंपलेली फोर्ड

वर्ध्याहून सेवाग्राम जेमतेम आठ किलोमीटर. 1936 साली गांधीजी तिथं राहायला गेले तेव्हा गावाचं नाव शेगाव होतं, आणि काळ्या मातीतली गाडीवाट तुडवत जावं लागे. याच वाटेवर जमनालाल बजाजांच्या जुन्या फोर्डला बैल जुंपले गेले. बैल म्हणजे ऑक्स, म्हणून गाडीचं नाव पडलं ‘ऑक्सफर्ड’.

जुन्या अमेरिकन गाड्यांच्या कौतुकात ही गाडी क्वचितच येते. मला मात्र तिच्यापासूनच सुरुवात करावीशी वाटते. इंजिनाचं काम बैलांकडे गेल्यावर गाडीत जे उरतं, बैठक, पाटे, चाकं, तीच तर तिची खरी घडण. दमणीत हाडं खिळखिळी करून घेतलेल्या माणसाला स्प्रिंगांवरची बैठक काय वाटली असेल, हे विदर्भात वेगळं सांगायला नको.

फोर्डच्या कारखान्यानं 1908 ते 1927 या काळात दीड कोटी ‘मॉडेल टी’ बनवल्या. ती अमेरिकेतल्या चिखलाच्या रस्त्यांसाठी घडवलेली गाडी. पुढं एक आडवा पाटा, मागं एक, आणि सांगाडा जमिनीपासून चांगला उंच. एक चाक खड्ड्यात आणि दुसरं ढेकळावर गेलं तरी सांगाडा पीळ खाऊन सावरायचा. मला हे रेखाटन आजही सुंदर वाटतं, कारण त्यात रस्ता दिसतो.

1927 साली जनरल मोटर्सनं हार्ले अर्लच्या हाताखाली ‘आर्ट अँड कलर’ विभाग काढला आणि गाडी रूपावर विकली जाऊ लागली. ‘लाइटनिंग’ या लढाऊ विमानाची शेपटी पाहून सुचलेले पंख 1948च्या कॅडिलॅकवर उगवले ते बेताचे होते. 1959पर्यंत ते इतके वाढले की गाडीत बसणारा माणूस त्यांच्यापुढं गौण झाला. याउलट क्रायस्लरची 1934ची ‘एअरफ्लो’. इंजिन पुढच्या आसावर सरकवून तिनं मागच्या प्रवाशांना दोन्ही आसांच्या मधे आणून बसवलं, म्हणून धक्के कमी झाले. गाडी खपली नाही. तिचा घाटच लोकांना रुचला नाही. माझ्या लेखी पंखांच्या कॅडिलॅकपेक्षा ही पडलेली गाडी मोठी.

आपल्याकडे या गाड्या मुंबईतून आल्या. जनरल मोटर्सनं 1928 साली शिवडीत जुळणी सुरू केली. वालचंद हिराचंदांच्या प्रीमियरनं 1947पासून कुर्ल्याला डॉज आणि प्लायमाउथ जोडल्या. पुढं सरकारनं नुसती जुळणी पुरे नाही, सुटे भागही इथंच बनवा असं धोरण धरलं, आणि 1954 साली जनरल मोटर्सनं गाशा गुंडाळला. गाड्या राहिल्या, त्यांचे भाग येईनासे झाले. इथूनच आपल्या मिस्त्रींची कला सुरू होते. लेथवर बुश काढायचा, दुसऱ्याच गाडीचा पंप बसवायचा, पत्रा ठोकून मडगार्ड उभं करायचं. हे काम करणाऱ्यांची नावं कुठं लिहिली गेली नाहीत, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

आज रॅलीत उतरणाऱ्या गाड्या पाहिल्या की हाताचं कसब वाखाणावंसं वाटतं. पत्र्याचं काम इतकं सफाईचं क्वचितच कुठं होत असेल. पण त्या कसबाला आठवण उरलेली नाही. जुन्या प्लायमाउथचं दार घासायला घेतलं की थर निघत जातात: वरचा रंग, खाली लांबी, त्याखाली कधी टॅक्सीचा काळा-पिवळा, अगदी तळाशी मूळ ड्युको रंगाचा मंद तजेला. गाडीची सगळी नोकरी त्या चार थरांत असते. दोन दिवसांत ती पॉलिश पेपरानं निघून जाते आणि वर काचेसारखा चकचकीत रंग चढतो, जो कुर्ल्यातून बाहेर पडतानाही त्या गाडीला नव्हता. क्रोमचंही तेच, नवं असतानाही नव्हतं इतकं.

दाराच्या आतल्या बाजूला वीतभर जागा तशीच सोडावी, सारे थर दिसतील अशी, एवढंच मिस्त्रींना सांगावंसं वाटतं. लेथवर काढलेला बुश बदलू नये. परदेशातून अस्सल भाग मागवता येत असला तरीही. आणि बैल जुंपलेली एखादी फोर्ड कधी कुणाच्या गोठ्यात सापडलीच, तर तिच्यात इंजिन बसवण्याआधी जू कुठं बांधलं होतं ते नीट पाहून घ्यावं.